वर तरंगलेली बाजरी

एकदा एक शिष्य होता. गुणी होता. पहाटे उठायचा, श्लोक न अडखळता म्हणायचा, गुरूंचे पाय चेपता चेपता स्वतः पेंगला तरी हात थांबू द्यायचा नाही. खोड एकच होती, त्याच्या हातून काही टाकवत नसे. मी खोड म्हणतोय, तुम्ही तिला सद्गुण म्हणाल. जरूर म्हणा. पण तुमच्या माळ्यावर ती मोडक्या काड्यांची छत्री आहे ना, ती कुणासाठी ठेवली आहे ते आधी घरच्यांना विचारून या.

गुरू अतिवृद्ध होते. कुणी वय विचारलं की बोळकं उघडून दाखवत आणि म्हणत, "दात मोज आणि अंदाज कर." माळावरच्या एका गावाच्या शिवेला त्यांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खणांची ओवरी आणि पाच गाईंचा गोठा, एवढाच पसारा. पण त्या गोठ्यावर गावाचं मोठं काम चालत असे. ज्या घरी तान्हं मूल आहे आणि दुभतं जनावर नाही, अशा प्रत्येक घरी मठातून रोज सकाळी तांब्याभर दूध जाई. त्या वर्षी अशी सात घरं होती. गोठा शिष्याच्या हवाली होता आणि त्या गाईंवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त जीव होता. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाच्या हातून झालेलं नाही. वाईट माणूस इतक्या नेटाने राबत नाही.

त्या वर्षी बाजरी फुलोऱ्यात आली आणि पाऊस लागून राहिला. बारा दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. उघडीप झाल्यावर लोक शेतात गेले, तर कणसाकणसांवर मधासारखे चिकट थेंब लोंबत होते. त्यावर मुंग्यांच्या रांगा आणि माश्यांची भणभण. पाटलांनी बोटावर एक थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की यंदा देवाने अमृत पाठवलंय. पाटलांनी डोळे मिटले म्हटल्यावर सगळ्या गावाने मिटले. एकटी धुरपाबाई म्हणाली, "पाटील, गोड लागतं ते समदं अमृत नसतंय. जावईबी गोडच बोलतो."

ही धुरपाबाई म्हणजे गावातली एकटी म्हातारी. मठाच्या गोठ्यातलं आणि रानातलं शेण पाटीत गोळा करायची, गोवऱ्या थापायची, त्यावर पोट भरायची. जिभेला धार, आणि गाईंशी बोलायची सवय. माणसांशी बोललं की भांडण होतं, गाईंशी बोललं की त्या कान हलवतात, असा तिचा सरळ हिशोब होता. मोठ्या दुष्काळात ती पोर होती, बरबडा नावाच्या रानगवताचं बी दळून खाऊन जगली होती. त्यामुळे वाटेवर पडलेला दाणा ती कधी ओलांडून जात नसे. वाकायची, उचलायची, कपाळाला लावायची आणि ओच्यात टाकायची.

थेंब वाळले आणि जिथे दाणा भरायचा तिथे भलतंच काही भरलं. काळपट, लांबट, टोकाला किंचित वाकलेलं, उंदराच्या लेंडीएवढं. मळणीत ते दाण्यात मिसळून गेलं. नव्या बाजरीची पहिली भाकरी शिंप्याच्या घरी झाली. जेवण झाल्यावर घरातल्यांना गरगरलं, दोघांना उलट्या झाल्या आणि मग सगळेच्या सगळे झोपले. दुसरा दिवस कलला तरी उठेनात. शेजारणीने दार लोटलं तेव्हा चुलीवरचं पातेलं जळून कोळसा झालं होतं आणि शिंपी भिंतीला टेकून बसलेला, हातात सुई, डोळे अर्धे उघडे. शेजारीण मेले मेले म्हणून छाती पिटू लागली. त्या आवाजाने शिंपी जागा झाला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला.

गाव बाजरीची ओंजळ घेऊन मठात आलं. गुरूंनी एक काळा दाणा नखाने मोडून पाहिला. म्हणाले, हा दाणा नव्हेच. ही बुरशी आहे, दाण्याच्या घरात शिरून दाण्याचं सोंग घेऊन बसलेली. पण सोंग वजनाला हलकं असतं. पाण्यात अंडं तरंगेल इतकं मीठ विरघळवा आणि त्यात बाजरी ओता. भरीव दाणा तळाला जाईल, सोंग वर येईल. आता मठात अंडं कुठून यायचं? गुरू स्वतः एका घरून अंडं मागून घेऊन आले, तळहातावर धरून, भर पेठेतून. लोकांनी पुढे दोन वर्षं त्यावर कुजबुज केली. अंडं संध्याकाळी परतही केलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मिठाच्या पाण्याची पहिली काहील भरली आणि तेवढ्यात दोन मुक्कामांवरच्या गावाहून निरोप आला की गुरूंचे गुरुबंधू अखेरच्या घटका मोजताहेत. गुरूंनी काठी उचलली. जाता जाता शिष्याला म्हणाले, "तळाला बसेल ते गोड्या पाण्याने धुवून, वाळवून लोकांना दे. वर तरंगेल ते टाकून दे." आणि गेले. तिकडे गुरुबंधूंनी घटका मोजायचं सोडून सोंगट्या मांडल्या आणि दोघे म्हातारे दीड महिना खेळत बसले. मरणाऱ्यालाही खेळात भिडू लागतोच.

इकडे आठ दिवस मठात बाजरी धुतली गेली. चाळीस घरांची बाजरी काहिलीतून निघाली. वरचं शिष्य झाऱ्याने काढी आणि टोपलीत टाकी. काही लोकांनी तेही मागून नेलं. टाकायचंच आहे ना, मग कोंबड्यांना होईल, शेळीला होईल. उरलेलं दोन पोती भरलं. शिष्याने त्यात हात घातला. काळे दाणे होते, पण चांगले दिसणारे हलके दाणेही पुष्कळ होते. अन्न हे पूर्णब्रह्म असं तो दिवसातून दोनदा म्हणत असे. आता पूर्णब्रह्माची दोन पोती उकिरड्यावर कशी ओतायची? माणसाला चालणार नाही, ठीक. पण गाय माणूस थोडीच आहे? गाय कडबा खाते, काटेरी पाला खाते, संधी मिळाली तर धोतरसुद्धा खाते. त्याने पोती वाळवली आणि रोज सकाळी टोपलीभर पेंडीत कालवून गव्हाणीत घालू लागला. दाणे मिठाचे, खारट. गाई टोपलीसाठी हंबरू लागल्या. शिष्याला वाटलं, गुरूंनी सांगितलं त्याहून एक पाऊल पुढे आपण गेलो. शिष्याला असं वाटू लागलं की समजावं, गोष्टीला सुरुवात झाली.

आधी दूध थोडं उतरलं. मग गाई पेंगू लागल्या, उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून. एरवी शिष्य गोठ्यात शिरला की पाचही माना वळायच्या. आता एकही वळेना. पाचही गाई भिंतीकडे तोंड करून उभ्या, जणू भिंतीवर कुणी काही वाचून दाखवतंय आणि त्या ऐकताहेत. अंगावर माश्या बसलेल्या, पण शेपूट हलत नाही. गळ्यातल्या घंटा वाजेनाशा झाल्या. भर दुपारी बाहेर ऊन ठणठणीत असताना आत पाऊल टाकलं की शिष्याला वाटे, आपण गोठ्यात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत. त्या झोपेत जाग एकाच गोष्टीने येई. टोपलीत दाणे खुळखुळले की पाचही जिभा एकदम बाहेर येत. डोळे मात्र तसेच, काचेचे.

पाचांतली ढवळी व्याली. वासरू धडधाकट होतं, उठून उभं राहिलं, आईला जाऊन भिडलं. पण कास भरलीच नव्हती. सूज नाही, ताप नाही, गाठ नाही, नुसती रिकामी, उलटी करून झटकलेल्या पिशवीसारखी. वासरू ढुश्या मारायचं, थांबायचं, पुन्हा मारायचं, आणि ढवळी भिंतीकडे बघत उभी, आपल्याला वासरू झालंय हे तिला कुणी सांगितलंच नसावं तशी. पाचव्या दिवशी वासरू उठलं नाही. तोवर बाकीच्या गाईही आटल्या होत्या. सात घरांचे सात तांबे मठातून रिकामे परत गेले. त्या घरच्या बाया तांब्यात एकदा डोकावून बघत आणि पदराखाली धरून निघून जात. आता फक्त मोरी गाय व्यायची राहिली होती, पोट मोठं आणि कास तशीच सुकी.

शिष्याच्या मनात शंका आली. समोरच्या दाराने नाही आली, मागच्या दाराने आली, चोरासारखी. टोपली तर नसेल? त्याने शंकेला हाकललं, ती पुन्हा आली. शेवटी एका सकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्याने उरलेल्या दाण्यांपैकी बरेचसे मठामागच्या उकिरड्यावर नेऊन ओतले. मग जेवून तो रोजच्यासारखा ध्यानाला बसला. त्याच्या दुपारच्या ध्यानाला घोरण्याचा आवाज येई, पण ते असो. ध्यान उतरल्यावर गोठ्यात गेला, तर गव्हाणीत काळे दाणे भरलेले आणि पाच जिभा त्यावर चालू होत्या.

त्याने ते भरून ओढ्यापलीकडे निवडुंगाच्या बेटात नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गव्हाणीत. ओढ्यातली वाळू उकरून त्यात पुरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा, वाळूसकट. गावी पोचवून आलेली सासू... नको, ते उदाहरण राहू द्या, घरात वाचून कुणी माझ्यावर रागवायचं. एवढंच सांगतो की शिवेबाहेर सोडून आलेलं भूत परत येतं हे शिष्याने ऐकलं होतं, पण टाकलेली बाजरी पायी चालत घरी येते हे कुणीच सांगितलं नव्हतं. तो गव्हाणीपासून चार हात लांब उभा राहिला आणि त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. गाई चाटत होत्या. चाटण्याच्या आवाजाखेरीज साऱ्या माळावर कसलाही आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने दाणे पुन्हा टाकले आणि ध्यान रद्द केलं. कडब्याच्या गंजीआड दडून बसला. सूर्य डोक्यावर आला. एक वाकलेली आकृती डोक्यावर पाटी घेऊन गोठ्यात शिरली, गाईंशी हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली आणि पाटीतलं काळं काळं गव्हाणीत ओतू लागली. शिष्याने जी किंकाळी फोडली ती पाटलांच्या ओसरीपर्यंत ऐकू गेली.

ती धुरपाबाई होती.

गाव धावत आलं. गावाच्याही कोंबड्या दोन आठवड्यांपासून गरगर फिरून पडत होत्या, शेळ्या पेंगत होत्या, आणि याचा राग कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. आता ठरलं. गाईंच्या पुढ्यात काळे दाणे टाकताना, भर बारा वाजता, तोंडाने पुटपुटत असताना म्हातारी सापडली. आणखी पुरावा काय हवा? शिंपी म्हणाला, आपण झोपलो त्याच्या आदल्या दिवशी हीच आपल्या अंगणात शेण उचलायला आली होती. कुणीतरी म्हणालं, ती वाटेवरचे दाणे उचलून कपाळाला लावते ते उगाच का? जी म्हातारी काल खडूस होती ती घटकाभरात चेटकीण झाली. गावाला चेटकीण करायला वेळ लागत नाही. विहीर करायला लागतो.

धुरपाबाई डगमगली नाही. म्हणाली, "व्हय, मीच वतलं. चारदा वतलं. ह्यो तुमचा धाकला म्हाराज देवाचं अन्न उकिरड्यावर घालतोय, निवडुंगात घालतोय, वाळूत पुरतोय. मी येचून येचून आणलं. गाईचं गाईला दिलं. इचारा त्याला."

सगळे शिष्याकडे वळले. पाटलांनी विचारलं, "महाराज, तुम्ही दाणे टाकले होते का?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. पण त्या एका अक्षराच्या मागे दुसरं उभं होतं. टाकले का, कुठून आले, आधी कुणाला घातले, वासरू कशाने गेलं, सात तांबे कशाने रिकामे झाले. शिष्याने खाली पाहिलं. लोकांना वाटलं, साधुपुरुषाला दुःख झालंय, त्याला आणखी छळू नये.

पाटलांनी निकाल दिला. तीन दिवसांनी अमावस्या. त्या दुपारी धुरपाबाईने डोक्यावर मावेल तेवढं घेऊन शीव ओलांडायची. झोपडं गाव जाळून टाकील. तिचं वय सत्तरीच्या पुढे, आणि असला शिक्का बसलेल्या बाईला आसपासच्या दहा गावांत कुणी घोटभर पाणी दिलं नसतं. सगळ्यांना हे ठाऊक होतं. शिष्यालाही.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी गुरू परतले. गुरुबंधू सोंगट्यांत सात डाव जिंकून मग शांतपणे गेले होते. शिष्याने पाय धुवायला पाणी दिलं आणि झाली हकिकत सांगितली, म्हणजे गावाला जेवढी माहीत होती तेवढी. गुरू थेट गोठ्यात गेले. पाठमोऱ्या गाईंच्या कपाळांवरून एकेक करून हात फिरवला. मग गव्हाणीच्या कोपऱ्यातून एक काळा दाणा उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"खारट," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चेटकिणी मीठ घालतात का रे?"

"माहीत नाही, महाराज," शिष्य म्हणाला.

गुरूंनी गोठ्याचं दार ओढून घेतलं. सकाळी त्यांनी गावात निरोप फिरवला की मठातून काहिलीवरचं म्हणून जे जे नेलं होतं, त्यातलं उरलंसुरलं सगळं मठात आणून द्या, दाणासुद्धा मागे ठेवू नका. लोकांना वाटलं, म्हातारीचा उतारा करायचा असणार. भीतीपोटी गाव फार प्रामाणिक होतं. मडक्यातलं, कणगीतळचं, कोंबड्यांच्या खुराड्यातलं, सगळं आलं. मग गुरूंनी शिष्याला दोन लांब बांबू आणायला लावले. आडव्या कामट्या बांधायला लावल्या. वर गवत पसरायला लावलं. दाण्याची पोती एकामागे एक त्यावर निजवली, सुंभाने आवळली आणि वरून पांढरं कापड घातलं. शिष्याचे हात गाठी मारत होते आणि गाठी मारता मारता थंड पडत होते, कारण कापडाखाली जे दिसत होतं ते माणूसच दिसत होतं. डोकं, पोट, जुळवलेले पाय.

दुपारी गाव मठापाशी जमलं आणि जागच्या जागी थिजलं. मठाच्या अंगणात तिरडी, शेजारी विस्तवाचं मडकं, आणि गुरू आंघोळ करून ओल्या पंचाने उभे. जो तो आपापली माणसं मोजू लागला. बायका मुलांचे हात घट्ट धरू लागल्या. पाटलांनी स्वतःला चाचपून पाहिलं, असं शिंपी पुढे सांगत असे, पण शिंप्याचं काय, तो बोलताना कापड वाढवतो. मग सगळ्यांच्या मनात एकदमच आलं. म्हातारी. म्हातारीने जीव दिला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "वाट सोडा रं. मी अजून जिती हाय. ह्ये कोण?"

धुरपाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली होती, शीव ओलांडायला, सांगितल्या वेळेला.

पाटलांनी घसा साफ केला. "बाबा, मेलंय कोण?"

"अजून माणसांतलं कुणी नाही," गुरू म्हणाले. "म्हणून तर आज नेतोय. खांदेकरी चार पुरे. मडकं कोण धरणार तेवढं सांगा."

पाटील म्हणाले, मुलगा धरतो, नाहीतर जवळचं कुणी.

"मग याच्या जवळचं कोण?" गुरूंनी कापडावर हात ठेवला. "ज्याने याला घरात ठेवलं, वाळवलं, सांभाळलं, त्याने पुढे व्हावं. आणि चारचौघांत विचारल्यावर ज्याने ओळख दिली नाही, त्याने तर आधी व्हावं."

त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शिष्याला बरं वाटलं असतं. गोठ्यात पाच गाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि मोरीचं पोट कुडाच्या फटीतून दिसत होतं. शिष्य पुढे आला. मडक्याचा दोर हातात घेतला, पण उचलेना. आधी तो धुरपाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"मीच टाकले होते," तो म्हणाला. "तुम्ही खरं सांगितलंत आणि मी खाली बघितलं. आणि टाकायच्या आधी महिनाभर मीच रोज गाईंना घातले. वासरू त्याने गेलं. त्यांचं दूध त्याने गेलं." शेवटचं वाक्य त्याने सात घरच्या बायांकडे वळून म्हटलं.

कुणी त्याला काही बोलू शकत नव्हतं, कारण सकाळीच कित्येकांनी आपापल्या खुराड्यातलं मडकं मठात आणून रिकामं केलं होतं आणि तेच आता तिरडीवर होतं. धुरपाबाईने गाठोडं खाली ठेवलं. म्हणाली, "आणि मी मेलीनं येचून येचून पुन्ना घातलं. चारदा." मग ती गाठोड्याशेजारी खाली बसली.

तिरडी उठली. शिष्य मडकं घेऊन पुढे, चार जण खांद्यावर पोती घेऊन मागे, आणि त्यामागे चाळीस घरं. मसणवटीत लाकडं रचली, पोती ठेवली, आग दिली. धूर काळा होता आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सगळे उभे होते, गुरूंनीच तसं उभं केलं होतं. शिष्याने हलक्या आवाजात विचारलं, "महाराज, खड्डा खणून जाळलं असतं तरी भागलं असतं. तिरडी कशाला?"

गुरू आगीकडे बघत बोलले. "पहिली चूक माझी. मी तुला 'टाक' म्हणालो. या गावाला टाकता येत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. आपण आपल्या ताटातलं टाकतो, ते गाईच्या पुढ्यात पडतं. गाईच्या पुढ्यातलं काढतो, ते कोंबडी टिपते. रानात नेऊन टाकतो, ते धुरपाबाई भक्तीने वेचते. आपण टाकतो म्हणजे, ज्याला तोंड आहे पण बोलता येत नाही, त्याच्याकडे सरकवतो. आणि आपल्याला वाटतं, दान केलं. विष जागा बदलतं, बाळा, संपत नाही. फिरत फिरत ते तान्ह्याच्या वाटीशी येऊन उभं राहतं. गावात एकच जागा आहे जिथून कुणी काडीसुद्धा घरी आणत नाही. म्हणून इथे आणलं. शेवटी याला माणसासारखं जाळलं, तेव्हा कुठे ते संपलं."

मोरीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही रात्रभर तिचाच घोर लावून घ्याल. ती तीन आठवड्यांनी व्याली. दोन दिवस कास सुकीच होती आणि शिष्याने वासराला शेळीचं दूध चिंधीने पाजलं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, थोडं. ढवळीचं वासरू गेलं ते गेलंच. सात तांब्यांपैकी चार पुढे भरू लागले, बाकी तीन घरांना पाटलांच्या म्हशीचं दूध जाऊ लागलं, आणि पाटलांना ते न सांगता करता आलं नाही, एवढं सोडलं तर त्यांनी चांगलंच केलं. कोंबड्या मात्र कुणी मोजल्या नाहीत.

तर मसणवटीतून सगळे परत निघाले. मागे वळून बघायचं नाही, ही तुमचीआमची रीत. वाट उन्हाने पांढरी पडली होती. त्या पांढऱ्या वाटेवर शिष्याला काळे ठिपके दिसले. येताना एका पोत्याची शिवण उसवली असावी, मूठभर दाणे वाटेभर सांडले होते. धुरपाबाई पुढे चालत होती. तिचं पाऊल थांबलं. जन्मभराच्या सवयीने तिची कंबर वाकली, हात खाली गेला आणि दाण्याच्या वीतभर वर थांबला. दुष्काळात जगलेल्या हाताला थांबायला किती बळ लागतं, ते शिष्याला त्या क्षणी दिसलं, आणि आपल्याला कधीच तेवढं लागलं नव्हतं हेही दिसलं.

तो गुडघ्यांवर बसला. एकेक दाणा वेचून त्याने उपरण्याच्या पदरात बांधला, धुरपाबाईच्या पायाखालचाही. मग उठला, आणि सगळं गाव घराकडे चाललेलं असताना तो एकटा वळला आणि आगीकडे परत गेला. रीत मोडली म्हणून त्याला कुणी टोकलं नाही. गुरू वाटेच्या कडेला दगडावर बसून त्याची वाट बघत राहिले.

आपल्या ताटात जे चालत नाही ते आज कुणाच्या पुढ्यात गेलं, एवढं झोपण्यापूर्वी एकदा आठवून बघावं.